सहापैकी दोनच बरोबर आले, म्हणजे कान गेले का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारे वाचक ४८ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे सुमारे ४०० सीडी आहेत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी त्या सगळ्या १९२ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १९२ हजार बिटच्या) एमपी३ फाइलींमध्ये उतरवून घेतल्या आणि सीडी खोक्यांत भरून ठेवल्या. तेव्हापासून ते याच फाइली ऐकतात आणि त्यांची काही तक्रार नव्हती. मध्यंतरी धाकट्या भावाने लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली, गाणी देणाऱ्या सेवेचं सभासदत्व घेतलं, ब्लूटूथ हेडफोन घेतले आणि ‘दादा, तू इतकी वर्षं गाण्यांचा चोथा ऐकतोयस’ असं चारचौघांत सुनावलं. चिडून वाचकांनी इंटरनेटवरची एक चाचणी दिली. तीत सहा गाणी होती आणि प्रत्येकाचे तीन नमुने : १२८ केबीपीएस, ३२० केबीपीएस आणि मूळ. त्यांतला मूळ ओळखायचा. सहापैकी दोन बरोबर आले आणि एकदा तर त्यांनी १२८लाच पहिला नंबर दिला. सीडी काढून बघितल्या तर काहींवर ठिपके पडलेले दिसले. त्यांचे प्रश्न असे : माझे कान गेले का? भाऊ थापा मारतोय का? सगळ्या सीडी पुन्हा फ्लॅक या लॉसलेस फाइलींत उतरवू, की एका मित्राने सुचवल्याप्रमाणे आहेत त्याच एमपी३ कन्व्हर्टरमधून फ्लॅक करून घेऊ?

आधी मित्राच्या सल्ल्याचं बघू, कारण त्याचं उत्तर लगेच देता येतं. एमपी३ची फ्लॅक करू नका. फ्लॅक ही इमानी पेटी आहे. आत जे ठेवाल तेच आणि तेवढंच ती शेवटच्या बिटपर्यंत परत देते. १९२ची एमपी३ करताना जे गळलं ते त्या फाइलमध्ये नाहीच, मग फ्लॅक ते आणणार कुठून? जागा मात्र साधारण चौपट जाईल. खरा घोळ तर पुढे होतो. दोन वर्षांनी सगळ्याच फाइलींच्या नावापुढे फ्लॅक दिसेल आणि सीडीवरून आलेली कोणती, एमपी३वरून फुगवलेली कोणती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता त्या चाचणीकडे वळू, कारण तिने तुम्हाला उगाच घाबरवलंय. तीन नमुन्यांतून एक निवडायचा, असं सहा वेळा. कानात बोळे घालून कुणी नुसती उत्तरं ठोकली तरी सरासरी दोन बरोबर येतात. चार किंवा जास्त बरोबर आले असते तर तुम्ही खूश झाला असता, पण निव्वळ अंदाजाने तेवढे येण्याची शक्यताही दहात एक आहे. दुसरी खोट याहून मोठी. समजा एखाद्याला १२८चा नमुना दर वेळी अचूक ओळखता येतो, पण ३२० आणि मूळ यांत त्याला फरक कळत नाही. हे अगदी तयार कानाचं लक्षण. अशा माणसाला या चाचणीत सरासरी सहापैकी तीन मिळतील. म्हणजे तो आणि तुम्ही यांच्यात एका गुणाचा फरक, आणि तोही नशिबाने पुसला जाण्याइतका. या चाचणीवरून कानांचा निवाडा करणं म्हणजे तीनदा नाणं उडवून ते खोटं आहे असं ठरवण्यासारखं आहे.

शिवाय कानांची तपासणी ही गोष्टच वेगळी. कानाचे तज्ज्ञ ऑडिओमेट्री करतात तेव्हा साधारण २५० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झ या पट्ट्यात किती बारीक आवाज ऐकू येतो ते मोजतात. गर्दीत बोलणं कळायला त्रास होत असेल, कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर ती तपासणी जरूर करून घ्या. एमपी३ ओळखता न येणं हे त्याचं लक्षण नव्हे. कॉम्प्रेशनचे, म्हणजे फाइल लहान करताना येणारे, दोष ऐकू येणं हा बराचसा सरावाचा भाग आहे. कशाकडे कान द्यायचा हे माहीत नसेल तर विशीतल्या निरोगी कानालाही ते सापडत नाहीत.

तुमच्या आणि भावाच्या भांडणाच्या मुळाशी एक गृहीत आहे : ‘फरक ऐकू येतो’ किंवा ‘येत नाही’, यांपैकी एकच काहीतरी खरं. प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतंच. कोणता बिटरेट (म्हणजे किती केबीपीएस), कोणता एन्कोडर (म्हणजे एमपी३ करणारा प्रोग्राम), गाण्यातली कोणती जागा आणि ऐकणारा कितपत सरावलेला, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही. ९६ केबीपीएसची एमपी३ लक्ष देऊन ऐकणाऱ्या बहुतेकांना ओळखता येते. १२८लाही बऱ्याच गाण्यांत दोष सापडतो. चांगल्या एन्कोडरने केलेल्या २५६-३२०ला मात्र सरावलेले लोकही निवडक अवघड तुकड्यांवरच फरक दाखवू शकतात. यांच्या मधोमध १९२, म्हणजे नेमका तुमचा आकडा. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये १३ प्रशिक्षित श्रोत्यांना सीडी आणि ९६ ते ३२० केबीपीएसच्या एमपी३ जोडीजोडीने ऐकवल्या. १९२पर्यंत त्यांनी सीडीला स्पष्ट पसंती दिली, त्यावर तशी पसंती दिसली नाही. ध्वनिमुद्रण करणारे आणि वादक यांच्या निकालांतही फरक पडला. तेव्हा भाऊ म्हणतो ते अगदीच हवेतलं नाही. मात्र तो जे ऐकतो ते तेच आहे का, ते पुढे बघू.

१९२ हा आकडाही एकटा पुरेसा नाही. बारा वर्षांपूर्वी तुम्ही कोणत्या प्रोग्रामने फाइली केल्या? लेम या एन्कोडरची १९२ आणि एखाद्या प्लेअरसोबत फुकट आलेल्या घाईगडबडीच्या एन्कोडरची १९२ यांत खूप अंतर पडू शकतं. मीडियाइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल टाका. ती लेमने केली असेल तर बहुधा आवृत्तीच्या क्रमांकासकट तसं लिहिलेलं दिसेल.

दोष ऐकायचा तर तो होतो कसा ते माहीत हवं. एमपी३चा एन्कोडर एका वेळी ५७६ नमुन्यांचा घास घेतो (इथे नमुना म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप, सीडीवर सेकंदाला ४४,१००). सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला हे सुमारे १३ मिलिसेकंद झाले. शेजारच्या घासावर तो निम्मा चढलेला असतो, त्यामुळे खरा पसारा २६ मिलिसेकंदांचा. या घासात कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते तो मोजतो आणि मग कानाच्या एका सवयीचा फायदा घेतो. मोठा सूर वाजत असताना त्याच्या शेजारच्या वारंवारतेचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. म्हणून तिथले आकडे एन्कोडर ढोबळ करून टाकतो. ढोबळ केल्याने जी खरखर निर्माण होते ती त्या मोठ्या सुराखाली झाकली जाते. झाकणं जमलं की फरक नाही, फसलं की दोष.

आता एखादा कोरडा ठोका घ्या. कॅस्टानेटची टिचकी, नाहीतर तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’. घासाचा पहिला भाग शांत आणि मग एकदम आघात. ढोबळपणाची खरखर मात्र अख्ख्या घासभर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीच्या शांततेतही. आघातानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंद माफ करतो, आधीची मात्र जेमतेम दोन-पाच. उरलेली ऐकू येते आणि ‘टक्’च्या जागी ‘श्टक्’ असं काहीतरी कानावर पडतं. याला प्री-एको म्हणतात. चांगला एन्कोडर आघात येतोय हे ओळखून घास १९२ नमुन्यांचा, म्हणजे ४.४ मिलिसेकंदांचा करतो. पण लहान घासांना बिट जास्त लागतात आणि १२८ केबीपीएसच्या शिधापत्रिकेवर ते मिळत नाहीत. (हे १९२ नमुने आणि तुमचे १९२ केबीपीएस यांचा एकमेकांशी संबंध नाही. आकडे जुळले इतकंच.)

प्री-एकोखेरीज ऐकण्याजोग्या जागा म्हणजे टाळ्यांचा कडकडाट, झांजेची लांबत जाणारी लहर, हार्पसिकॉर्डसारखं तारा खुडत वाजणारं वाद्य आणि शांत होत गेलेल्या सुराचा मागे राहणारा घुमारा. कमी बिटरेटला टाळ्या वेगवेगळ्या ऐकू न येता पाण्याच्या खळखळीसारख्या एकत्र होतात आणि झांज थरथरते, जणू कुणी तिच्यासमोर हात हलवतंय. सगळी वाद्यं एकदम वाजत असलेला भरगच्च तुकडा मात्र घेऊ नका. तो अवघड वाटतो खरा, पण तिथे झाकायला भरपूर जागा असते आणि एन्कोडर निभावून नेतो.

‘वरची पट्टी गेल्यासारखी वाटते’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. त्यात तथ्य आहे. लेम १२८ला साधारण १७ किलोहर्ट्झच्या वरचं कापतो, ३२०ला २०च्या आसपासचं. पण पन्नाशीकडे झुकलेल्या बहुतेक कानांना १५च्या वर फारसं ऐकू येत नाही, आणि हे वयाबरोबर सगळ्यांचंच होतं. तेव्हा जे वरचं गेलं ते तुमच्यासाठी आधीच गेलेलं आहे.

एक युक्ती अनेक ठिकाणी दाखवतात, तिला भुलू नका. मूळ फाइलमधून एमपी३ वजा करतात, उरलेला आवाज मोठा करून ऐकवतात आणि म्हणतात, ‘बघा, एवढं फेकून दिलं!’ तो आवाज भेसूर असतोच. पण तो गाण्याखाली झाकलेला असावा असाच बनवलेला आहे. गाणं काढून घेतलं की झाकण निघालं. फरक किती उरला यापेक्षा तो गाणं वाजत असताना ऐकू येतो का, एवढंच विचारायचं.

ते विचारण्याची पद्धत म्हणजे एबीएक्स. तुमच्याकडे सीडी आहेत, त्यामुळे घरीच नीट करता येईल. ‘ए’ म्हणजे मूळ, ‘बी’ म्हणजे एमपी३, आणि ‘एक्स’ म्हणजे या दोघांपैकी संगणकाने चिठ्ठी टाकून निवडलेला एक. एक्स कोण ते तुम्ही सांगायचं. ए, बी, एक्स हवे तितक्या वेळा, हव्या त्या क्रमाने ऐका. विंडोजवर फूबार२००० हा मोफत प्लेअर आणि त्याचा एबीएक्स जोडभाग घेतला की झालं.

ज्या तुकड्यात वर सांगितल्यापैकी काही आहे असा ट्रॅक सीडीवरून वेव्ह फाइलमध्ये (अजिबात न दाबलेल्या फाइलमध्ये) उतरवा. त्याच वेव्हपासून लेमने ९६, १२८, १९२ आणि ३२० अशा चार एमपी३ करा. भावाच्या सेवेवरची फाइल एका बाजूला आणि तुमची सीडी दुसऱ्या बाजूला अशी तुलना अजिबात नको. तिथे मुद्रणच वेगळं असू शकतं. मग या एमपी३ पुन्हा वेव्हमध्ये उलगडा आणि वेव्ह विरुद्ध वेव्ह अशी चाचणी घ्या. उलगडण्याचं काम लेमकडूनच करून घ्या. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा घुसते, उलगडताना आणखी थोडी. दोन्ही मिळून लेमच्या बाबतीत ११०५ नमुने, म्हणजे २५ मिलिसेकंद. ती छाटली गेली नाही तर एका फाइलवरून दुसरीवर उडी मारताना ताल किंचित अडखळतो आणि तुम्ही त्या अडखळण्यावरून उत्तर ओळखता. निकाल सोळापैकी सोळा येतो आणि कॉम्प्रेशनचा त्यात काही संबंध नसतो. लेम आपल्याच फाइलमध्ये ही लांबी नोंदवून ठेवतो, म्हणून उलगडताना ती बरोबर कापतो.

आवाजाची पातळी हा याहून मोठा दगाबाज. अर्ध्या डेसिबेलने मोठा असलेला नमुना ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. एकाच वेव्हपासून फाइली केल्या असतील तर पातळी जवळपास सारखीच राहते. पण ठासून मोठ्या केलेल्या अलीकडच्या मुद्रणांत एमपी३ उलगडताना शिखरं मर्यादेच्या वर जाऊन चेपली जातात आणि मग तुम्ही कॉम्प्रेशनऐवजी ती चेप ऐकत बसता. सोपा उपाय : मूळ वेव्ह आधीच ३ डेसिबेलने खाली आणा आणि एमपी३ त्या खाली आणलेल्या फाइलपासूनच करा. इक्वलायझर, ‘साउंड एन्हान्समेंट’ वगैरे सगळं बंद. हेडफोन तारेचे. ब्लूटूथवर ही चाचणी घेणं व्यर्थ आहे.

पाच ते दहा सेकंदांचा एक तुकडा निवडून तोच फिरवत राहा. कानाची बारीक आठवण काही सेकंदांचीच असते. अख्खं गाणं ऐकून मग दुसरं अख्खं गाणं ऐकलं तर तुम्ही त्या दिवशीच्या मनःस्थितीची तुलना करता. सुरुवात ९६पासून करा आणि एक्स लपवण्याआधी ए-बी उघड ऐकून दोष हुडकून काढा. तो सापडला की १२८ला त्याच जागी शोधा, मग १९२ला. चाचणी आधी १६ फेऱ्यांची ठरवा आणि १६च करा. ‘आता आठपैकी सात आलेत, थांबू या’ असं केलंत की गणित कोलमडतं, म्हणून गुण झाकून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. सोळापैकी १२ बरोबर आले तर निव्वळ अंदाजाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारेक, १३ आले तर शंभरात एक. सोळापैकी दहा-अकरा म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा करा. वीस वेगवेगळे तुकडे तपासलेत तर त्यांतला एखादा नुसत्या योगायोगाने १२पर्यंत पोचेल. त्या तुकड्यावर पुन्हा १६ फेऱ्या घ्या. वीसेक मिनिटांनंतर कान थकतो, तेव्हा उठून फेरी मारून या.

एक सावधगिरीची सूचना. प्री-एको एकदा ओळखता आला की तो विसरता येत नाही. इतकी वर्षं ज्या फाइली सुखाने ऐकल्या त्यांत तुम्हाला तो भेटू लागेल. शिकायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त भावाला गप्प करण्यासाठी शिकू नका, किंमत जास्त पडेल.

आता भाऊ. तो थापा मारत असेल असं वाटत नाही. त्याला फरक बहुधा खरोखरच कळतो, फक्त तो कशातला हे त्याने तपासलेलं नाही. तो लॉसलेस सेवा ब्लूटूथ हेडफोनवर ऐकतो. म्हणजे फोन ती फाइल उलगडतो आणि हवेतून पाठवण्यासाठी पुन्हा कॉम्प्रेस करतो, बहुतेक वेळा लॉसी, म्हणजे काही गाळून टाकणाऱ्या, पद्धतीने. ब्लूटूथवर गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक साधनात असावीच लागणारी पद्धत एसबीसी, आणि तिचा नेहमीचा वरचा दर ३२८ केबीपीएसच्या आसपास. काही जोड्यांमध्ये एएसी ही दुसरी पद्धत चालते. एलडॅक या आणखी एका पद्धतीचा सर्वांत वरचा दर ९९० केबीपीएस आहे, पण सिग्नल कमकुवत झाला की तो खाली उतरतो. सीडीचा दर १४११ केबीपीएस. फोन आणि हेडफोन दोन्हींत खास सोय असेल तर हवेतून लॉसलेसही जातं, मात्र ते अपवाद. एरवी तुमचा भाऊसुद्धा लॉसीच ऐकतोय, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.

मग त्याला कळणारा फरक कशाचा? तीन संशयित आहेत. एक म्हणजे हेडफोन. नवे हेडफोन जुन्यापेक्षा वेगळे वाजतात आणि हा फरक कॉम्प्रेशनच्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. दुसरा, पातळी. गाणी ऐकवणाऱ्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणतात आणि तुमच्या फाइली जशा आहेत तशा वाजतात. तिसरा संशयित सर्वांत रंजक आहे, कारण तो शब्दाच्या घोळातून येतो. कॉम्प्रेशन हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात. एक, फाइल लहान करणं, ज्याबद्दल आपण इतका वेळ बोलतोय. दुसरं, मुद्रण करतानाच हळू आवाज आणि मोठा आवाज यांतलं अंतर कमी करून गाणं ठासून मोठं करणं. हे दुसरं कॉम्प्रेशन कुणालाही ऐकू येतं. ठोके बोथट होतात आणि अर्ध्या तासात डोकं भरून येतं. सीडीवरचं मूळ मुद्रण आणि सेवेवरची नव्याने ‘रीमास्टर’ केलेली आवृत्ती यांत हा फरक जमीन-अस्मानाचा असू शकतो. कधी नवी चांगली, पण पुष्कळदा जुनीच. ठासलेली फ्लॅक ही ठासलेलीच राहते. तुमच्या खोक्यातली सीडी जुनी असेल तर तिच्यापासून केलेली १९२ची एमपी३ भावाच्या लॉसलेसपेक्षा मोकळी वाजण्याचा संभव खराच आहे. दोघांनी एकदा बसून हे ऐका. पण पातळी जुळवून.

त्याची पुढची पायरी ‘हाय-रेझ’ असेल, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमापाचं मुद्रण, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ. त्याबद्दल दोनच आकडे सांगतो. २००७मध्ये मेयर आणि मोरन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हाय-रेझ मुद्रण मध्येच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून फिरवून ऐकवलं होतं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखे. २०१६मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये तो याहून वरचा. फरक शून्य नाही, पण त्यासाठी संग्रह बदलावा एवढा तो मला वाटत नाही.

तसाच एक वाद वेव्ह आणि फ्लॅक यांचा. अनकॉम्प्रेस्ड वेव्ह जास्त ‘मोकळी’ वाजते असं सांगणारे भेटतील. फ्लॅक उलगडली की मूळ वेव्हचे आकडे जसेच्या तसे येतात. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये साधारणपणे मूळ आवाजाच्या आकड्यांवरून काढलेली एमडी५ नावाची खूणही साठवलेली असते, ती जुळवून बघता येते. आकडे तेच असतील तर आवाजही तोच. फ्लॅक किती दाबायची याच्या ० ते ८ या पातळ्यांनीही आवाज बदलत नाही, फाइल थोडी लहान-मोठी होते आणि वेळ कमी-जास्त लागतो. पाचवर ठेवा आणि विसरून जा.

आता मुख्य निर्णय. सीडी पुन्हा उतरवा, पण ‘मला फरक ऐकू येतो’ म्हणून नव्हे. खरं कारण वेगळं आहे. १९२च्या एमपी३पासून पुढे काहीही करायचं झालं, फोनसाठी लहान फाइल किंवा उद्या येणारा नवा फॉरमॅट, तर लॉसीवरून पुन्हा लॉसी करावं लागेल आणि दोष साचत जातील. फ्लॅक हाताशी असेल तर प्रत्येक वेळी मूळापासून नवी प्रत निघते. आणि ते ठिपके. सीडीचा चकाकणारा थर छापील बाजूच्या पातळ लॅकरखाली असतो. तो खराब होत गेला की परत येत नाही. सीडी दिव्यासमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर त्या आधी उतरवा.

जागेचा हिशेब सोपा आहे. सीडीचा आवाज मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. तासाभराची सीडी ६३५ एमबी, ४०० सीडी साधारण २५४ जीबी. फ्लॅकमध्ये हे बहुतेक वेळा ५५ ते ६० टक्क्यांवर येतं, म्हणजे १५० जीबीच्या आत-बाहेर. तुमच्या एमपी३ सध्या ३५ जीबीच्या आसपास असतील. प्रती दोन करा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि दुसरी डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नका.

उतरवताना साध्या प्लेअरचं बटण दाबून मोकळे होऊ नका. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर हे प्रोग्राम वाचताना चूक झाली तर पुन्हा वाचतात आणि शेवटी तुमच्या ट्रॅकची बेरीज ॲक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या साठ्यातल्या, त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या बेरजांशी ताडून बघतात. जुळली की निश्चिंत. नाही जुळली तर सीडी मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका, कारण वाचण्याची वाट गोलाकार असते आणि तिच्या दिशेने उठलेला ओरखडा आडव्यापेक्षा जास्त त्रास देतो. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा बिनतक्रार वाचतो, हे नेहमीचं आहे. चांगल्या सीडीला पाच-दहा मिनिटं लागतात. खराब सीडी तासभर खाईल. रोज पाच म्हटलं तर ८० दिवसांचं काम आहे.

ऐकण्यासाठी मात्र फ्लॅकच हवी असं नाही. फोनमध्ये त्याच फ्लॅकपासून लेमच्या व्ही२ दर्जाची एमपी३ (सरासरी १९० केबीपीएसच्या जवळ) किंवा व्ही० (२४५च्या जवळ), नाहीतर १२८ ते १६० केबीपीएसची ओपस (एमपी३सारखाच, पण नवा लॉसी प्रकार) घाला. व्ही२ ही तुमच्या सध्याच्या फाइलींइतकीच जागा घेईल, पण यात बिट ठरलेल्या मापाने न वाटता जिथे आघात आहे तिथे जास्त खर्च होतात. ज्या सीडी हरवल्या किंवा कुणी नेल्या त्यांच्या जुन्या एमपी३ आहेत तशाच ठेवा, फोल्डर वेगळं करा आणि नावातच तसं लिहा.

कुणी ‘ही घे फ्लॅक’ म्हणून फाइल दिली तर ती स्पेक या, आवाजातल्या वारंवारता चित्रात दाखवणाऱ्या, प्रोग्राममध्ये उघडून बघा. १६-१७ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती एमपी३वरून फुगवलेली असण्याचा दाट संशय घ्या. पण जुन्या टेपवरच्या मुद्रणात वर मुळातच फार काही नसतं आणि एफएम रेडिओवरून घेतलेलं १५ किलोहर्ट्झलाच थांबतं. तेव्हा रेघ बघून लगेच देणाऱ्याशी भांडू नका.

या आठवड्यात ठिपक्यांच्या सीडी तेवढ्या उतरवा. त्यांतल्या एखाद्या शांत, ठोक्यांच्या तुकड्यावर एबीएक्स घ्या, ९६पासून १९२पर्यंत. आणि भावाला बोलवा, त्यालाही १६ फेऱ्या द्या. तारेचे हेडफोन तुमचे.